वाचनाची गोडी

मुलें नववी-दहावींत गेलीं कीं घराघरांतून एक वाक्य ऐकूं येतें : "गोष्टी पुरे, अभ्यासाचें वाच." पण ज्या वाचनाच्या शेवटीं प्रश्नपत्रिका उभी असते, त्याची गोडी लागावी कशी?

दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानें कित्येक वर्षें शाळेंत साहित्य शिकविलें. 'कॉम अँ रोमां' या १९९२ सालच्या पुस्तकांत तो सांगतो कीं, वाचनाला विटलेल्या वर्गापुढें शिक्षकानें कादंबरी मोठ्यानें वाचावी आणि मोबदल्यांत एकहि प्रश्न विचारूं नये. पुढें काय झालें या उत्कंठेनें मुलें आपण होऊन पुस्तक हातीं घेतात. पानें गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा अधिकारहि तो वाचकास देतो.

हें आपणांस परकें वाटूं नये. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं काढलेल्या साप्ताहिकाचें नांवच 'करमणूक' होतें. आणि विधवेच्या दुःखाची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्याच्याच अंकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. करमणूक व गांभीर्य यांचें वैर नाहीं.

म्हणून रात्रीं जेवणानंतर एखादें प्रकरण मोठ्यानें वाचावें, ऐन उत्कंठेच्या जागीं थांबावें, आणि पुस्तक मुलांच्या हाताशीं ठेवावें. तात्पर्य मात्र विचारूं नये.