डोळ्यांची ओळ

घाणेरीच्या दोन झुडपांमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर, दोन वितींचं गोल जाळं. मध्यावर डोकं खाली करून बसलेली मादी. आठ पाय दोन-दोन जुळवून केलेली फुली, आणि त्याच फुलीच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना फिरणारे लगेच म्हणतात, "सिग्नेचर स्पायडर!" म्हणजे आर्जिओपी प्रजाती.

बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण पट्टीवर भिस्त ठेवू नये. कधी तिचे चारही फाटे विणलेले असतात, कधी एकच, कधी एकही नाही. ती किडे ओढते की पक्ष्यांना जाळं दाखवते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पिल्लं तर मध्यभागी गोल चकतीच विणतात. अशीच एक चकती बघून पहिल्या वर्षी मी वहीत 'युलोबोरस' लिहिलं होतं, कारण तो कोळीही मध्यावर रेशमी नक्षी काढतो. मग धाग्यावर भिंग धरलं. मध्यातून निघालेले आरे कोरडे होते. पण त्यांच्यावरून फेर धरणाऱ्या धाग्यावर डिंकाचे बारीक मणी ओळीनं चमकत होते. युलोबोरसच्या जाळ्यात डिंक नसतो, त्याचा धागा पिंजलेल्या लोकरीसारखा. वहीतलं नाव खोडलं.

आज मादी पारदर्शक डबीत घेतली आणि स्पंजानं अलगद दाबून धरली. पाठीचं कवच चपटं, त्यावर चांदीसारखे केस निजलेले. पुढे आठ डोळे, चार-चारच्या दोन ओळींत. मला बघायची असते ती मागची ओळ, तीही बरोबर वरून. कडेचे दोन डोळे मधल्या दोघांच्या पुढे सरकलेले. ओळीची कमान तोंडाच्या बाजूला उघडते. ही कमान दिसली की निओस्कोना आणि अरॅनियस या दुसऱ्या प्रजाती बाद. रंगानं मी अनेकदा फसलो आहे, या ओळीनं अजून नाही.

जात सांगायची तर आणखी खोलात जावं लागतं. थोरेल यांनी १८८१ मध्ये नाव दिलेली पुल्केला आणि १८८७ मधली अनासुजा निश्चित वेगळ्या करायच्या, तर पूर्ण वाढलेल्या मादीच्या पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला हवा. प्रजातीपुरतं ते लागत नाही, म्हणून मी डबी उघडली.

ती जाळ्याच्या मध्यावर गेली, उलटी वळली, पाय दोन-दोन जुळवले. मी वाकलो तशी तिनं जाळं इतक्या जोरानं हलवलं, की काही क्षण पिवळे-तपकिरी पट्टेही दिसेनात.