पात्रता, निवड आणि शिष्यवृत्ती : पालकांस काय सांगावे?

कापसाची वेचणी जोरात असते, त्याच दिवसांत आठवीच्या वर्गशिक्षकांपुढे आणखी एक काम येऊन पडते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे याच सुमारास भरावी लागतात. आवेदनपत्रे भरली जातात, मुले परीक्षेस बसतात, निकालही लागतो. पण निकालाचा अर्थ पालकांस नीट समजावून सांगण्याचे काम मात्र पुष्कळदा राहून जाते. त्यातून जे नुकसान होते ते टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणू. वडिलांकडे थोडी कोरडवाहू शेती, आई मजुरीस जाते, मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत. मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली असे कळते, घरी पेढे वाटले जातात. पुढे दिवाळी येते, पण बँकेच्या खात्यात काहीच जमा होत नाही. मग वडील शाळेच्या दारात येऊन विचारतात, "गुरुजी, पोरगी पास झाली म्हनता, मंग पैसे काऊन नाही आले?" या प्रश्नास उत्तर देता यावे यासाठी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून सांगाव्या लागतात. पात्र होणे ही एक, निवड होणे ही दुसरी व शिष्यवृत्ती हाती येऊन टिकणे ही तिसरी.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. ही केंद्र शासनाची योजना असून ती २००८ साली सुरू झाली. आपल्या राज्यात तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था घेते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीचे विद्यार्थी तीस बसू शकतात. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती व जमातीच्या विद्यार्थ्यांस ५० टक्के पुरतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांहून अधिक नसावे. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० गुण आणि शालेय क्षमता चाचणीचे ९० गुण, मिळून १८० गुणांची ही परीक्षा होय. शालेय चाचणीत विज्ञानास ३५, समाजशास्त्रास ३५ व गणितास २० गुण असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. चौथी-सातवीस अथवा पाचवी-आठवीस होणारी शासनाची नेहमीची शिष्यवृत्ती परीक्षा या परीक्षेहून निराळी आहे. पालक दोन्हींची गल्लत करतात, ती आरंभीच दूर करावी.

आता पात्रता. दोन्ही चाचण्या मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळविणारा विद्यार्थी पात्र ठरतो. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ३२ टक्के आहे. ही ठरीव रेषा आहे. ती ओलांडणारे विद्यार्थी दहा असोत की दहा हजार, सारेच पात्र होत.

निवडीचे तसे नाही. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या आहेत व त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्यास ११,६८२ येतात. हा वाटा जिल्हावार व प्रवर्गवार विभागला जातो, आणि त्या त्या प्रवर्गात गुणानुक्रमे जेवढ्या जागा तेवढेच विद्यार्थी निवडले जातात. समजा, एका प्रवर्गात जिल्ह्यासाठी ५० जागा आहेत आणि पन्नासाव्या विद्यार्थ्यास १०८ गुण आहेत. मग १०० गुण मिळविणारी मुलगी पात्र असूनही निवडयादीत येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या प्रवर्गात तेच १०० गुण निवडीस पुरले असते. यात कोणी अन्याय केला असे नव्हे आणि मुलगी कमी पडली असेही नव्हे. जागा मोजक्या व इच्छुक पुष्कळ, एवढाच त्याचा अर्थ. परिषद आधी गुणयादी व नंतर निवडयादी प्रसिद्ध करते. गुणयादी पाहूनच पेढे वाटले जातात आणि निराशेचा उगम तेथेच असतो. म्हणून गुणयादी लागताच पालकांस सांगावे, "भाऊ, पोरगी पात्र झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. निवड झाली की नाही, हे दुसरी यादी आल्यावर कळेल."

निवड न झालेल्या पात्र मुलांसाठीही एक वाट आहे. पुण्याची 'सारथी' संस्था मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा समाजांतील अशा विद्यार्थ्यांस छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती देते. तिची रक्कम वर्षास ९,६०० रुपये आहे. आपल्या वऱ्हाडात कुणबी कुटुंबांची संख्या पाहता ही माहिती प्रत्येक शिक्षकाजवळ असली पाहिजे. 'पात्र पण निवड नाही' असा निकाल पाहून कागद फाडून टाकणाऱ्या पालकांस हे वेळीच सांगितले, तर चार वर्षांचा आधार मिळू शकतो.

आता तिसरी गोष्ट, आणि सर्वांत अधिक हानी होते ती येथेच. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०१७ पूर्वी ही रक्कम वर्षास ६,००० होती. परंतु निवडयादीत नाव आले म्हणजे पैसे आपोआप खात्यात येतात, असे नाही. नववीत गेल्यावर विद्यार्थ्याने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने अर्ज भरावयाचा असतो. तो अर्ज आधी शाळेने व नंतर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने पडताळला, तरच रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. दहावी, अकरावी व बारावीत दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो.

येथे खेड्यातील मुलांची विशेष अडचण उद्भवते. परीक्षा दिली ती आठवीच्या शाळेतून आणि अर्ज भरावयाचा तो नववीच्या शाळेतून. आपली जिल्हा परिषदेची शाळा आठवीस संपते. मूल तिवस्यास, अमरावतीस किंवा जवळच्या गावातील माध्यमिक विद्यालयात जाते. जुन्या शाळेस वाटते, मूल आता आपले नाही. नव्या शाळेस ठाऊकच नसते की या मुलाची निवड झाली आहे. पालकांस पोर्टल म्हणजे काय, हेच कळत नाही. या तिघांच्या मध्ये मुदत निघून जाते आणि गुणवत्तेने मिळविलेली शिष्यवृत्ती हातची जाते. मोझरीच्या ज्या घराचे उदाहरण आपण वर घेतले, त्या मुलीचे नाव निवडयादीत असूनही असे होऊ शकते.

उपाय अवघड नाही. शाळा सोडल्याचा दाखला देताना निवड झालेल्या मुलाच्या हाती निवडयादीची प्रत, परीक्षेचा बैठक क्रमांक व गुण लिहिलेली चिठ्ठी द्यावी आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांस एक पत्र लिहावे. त्याची नोंद एका वहीत ठेवावी. जुलै-ऑगस्टात एकदा विचारपूस करावी की, अर्ज भरला का? एवढ्या श्रमाने एका कुटुंबाचे ४८,००० रुपये वाचतात.

दुसरी खबरदारी नावाची. दाखल-खारीज नोंदवही, आधारपत्र व बँकेचे खाते या तिन्हींत नाव व जन्मतारीख एकच असावी. एका ठिकाणी 'प्रल्हाद' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पल्लाद' असेल, तर अर्ज अडतो. ही दुरुस्ती आठवीत असतानाच करून घ्यावी. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे व आधाराशी जोडलेले असावे.

तिसरी खबरदारी शाळा निवडण्याची. नववीत मूल विनाअनुदानित शाळेत घातले, किंवा केंद्रीय अथवा नवोदय विद्यालयात गेले, तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आठवीत ५५ टक्के व दहावीत ६० टक्के गुण राखावे लागतात. अनुसूचित जाती व जमातीस दोन्ही ठिकाणी पाच टक्क्यांची सवलत आहे. नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षीचे परिपत्रक ताडून पाहावे.

गुणांचा अर्थ समजावण्याची ही सवय पुढेही उपयोगी पडते. हीच मुले बारावीनंतर अभियांत्रिकी वा औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देतात. तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी नव्वद जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ. तेथेही प्रवेश ठरतो तो जागा, प्रवर्ग व क्रम यांवरून. आठवीच्या निकालाच्या वेळी ज्या पालकांस पात्रता व निवड यांतील भेद कळला, त्यांस हा निकालही बुचकळ्यात टाकणार नाही.

हे सारे सांगावे कोठे? पालकसभेस वेचणीच्या दिवसांत कोणी येत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु ज्या गावांत सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तेथे प्रार्थनेनंतर माणसे थोडा वेळ बसलेलीच असतात. त्या वेळी दहा मिनिटे मागून घ्यावीत. फळ्याचीही गरज नाही. एका कागदावर 'पात्रता, निवड, दरवर्षी अर्ज' एवढे तीन शब्दसमूह लिहून न्यावेत आणि गावातील एखाद्या मुलाचेच उदाहरण द्यावे.

आणि ज्याची निवड झाली नाही, त्या मुलाशी वर्गात स्वतंत्रपणे बोलावे. पन्नासाव्या व एक्कावन्नाव्या क्रमांकांत कधी एकाच गुणाचे अंतर असते. त्या एका गुणावरून मुलाने स्वतःस मंद समजू नये, आणि आईबापांनी त्याची शाळा सोडवू नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.