युरिया मक्याला की पाटाच्या पाण्याला?

ताथवडे २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पवना व मुळा या नद्यांच्या मधल्या इथल्या रानांवर बघता बघता टॉवर उभे राहिले. तरी पशुसंवर्धन खात्याच्या वळू-माता प्रक्षेत्रामुळे या गावाचे नाव जनावरांशी जोडलेले आहे. पलीकडे मावळ-मुळशीत दावणी भरलेल्या आहेत, आणि दावण आली की हिरवा मका आलाच.

मका खादाड पीक. दाण्याच्या मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. हे सगळे नत्र युरियातून द्यायचे तर सुमारे २६० किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ सहा गोण्या. पीक पिवळे पडले की सातवी गोणी आणण्याआधी पाणी कसे दिले ते बघावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

युरिया जमिनीत पडला की युरिएज या विकरामुळे त्याचे अमोनियम होते. ते धनभारित, मातीचे कण ऋणभारित, म्हणून ते मातीला धरून राहते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मक्याची मुळे ते आवडीने घेतात, पण नायट्रेट स्वतःच ऋणभारित असल्याने माती त्याला धरत नाही. पाणी खाली गेले की तेही खाली, थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत. रानात पाणी तुंबले तर हवेअभावी दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटींहून अधिक जोरकस ठरतो.

युरिया रानावर उघडाच विस्कटून ठेवला तर अमोनिया हवेत जातो. लगेच पाट मोकळा सोडला तर अमोनियम व्हायच्या आतच युरिया विरघळून मुळांखाली निघून जातो. वापशावर, बुंध्यापासून जरा दूर, मातीआड खत आणि वर हलके पाणी, हीच खरी रीत.

लांब सरीत नत्राचे हे खाली जाणे डोळ्यांनी दिसते. दारे धरणारा सरीचे शेवटचे टोक भिजेपर्यंत पाणी चालू ठेवतो. तोवर पाटाजवळची माती कितीतरी जास्त वेळ पाणी पीत असते. तिथल्या ताटांची खालची पाने तपासावीत. शेंड्याकडून मधल्या शिरेवरून देठाकडे उतरणारी पिवळी पाचर दिसली तर नत्र कमी पडले आहे. सरीच्या शेवटच्या टोकाला दुपारी पानांची सुरळी होत असेल तर तिथे पाणी कमी पडले आहे. त्या ताटांना युरिया देऊन उपयोग नाही.

पाण्याच्या नाजूक वेळा मोजक्याच: साधारण २५ ते ३० दिवसांनी रोपावस्था, ४५ ते ५० दिवसांनी तुरा, ६० ते ६५ दिवसांनी फुलोरा आणि ७५ ते ८० दिवसांनी दाणे भरणे. फुलोऱ्यात ताण बसला की तुऱ्यातला पराग पडून जातो आणि कणसाचे केस उशिरा बाहेर येतात. एका केसामागे एक दाणा. केस कोरडा राहिला की दाण्याची जागा रिकामी. नंतर कितीही नत्र ओतले तरी ती भरत नाही.

ठिबकने नत्र थोडे थोडे, पिकाच्या भुकेप्रमाणे देता येते. मात्र पाळीच्या सुरुवातीलाच खत सोडून तासन्‌तास पाणी चालवले, तर नत्र मुळांखाली जाणारच. पाळीच्या उत्तरार्धात खत, मग नळ्या धुण्यापुरते साधे पाणी, एवढे पथ्य पाळावे.

चाऱ्याच्या मक्यात चूक थेट गोठ्यात पोहोचते. भरपूर युरिया दिल्यावर पावसाने ओढ दिली की मुळांनी घेतलेल्या नायट्रेटची प्रथिने होत नाहीत. ते खोडाच्या खालच्या भागात साठते. असा मका खाल्ला की पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. रक्त चॉकलेटी दिसते आणि जनावर काही तासांत दगावू शकते. म्हणून ताण बसलेला मका बुंधा सोडून वरून कापावा, ओढीनंतर पाऊस झाला तर काही दिवस थांबावे, आणि उपाशी जनावरापुढे तर तो टाकूच नये. मुरघासात नायट्रेट बरेच घटते. खोड उभे चिरून डायफेनिलअमाइनच्या आम्लयुक्त द्रावणाचा थेंब टाकला की नायट्रेट असल्यास गडद निळा रंग येतो. द्रावणात तीव्र गंधकाम्ल असल्याने हे काम जाणकारानेच करावे, आणि गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत वैरणीची ही तपासणी नेहमीची व्हायला हवी.