घाटवाटांचा कातळ

सह्याद्रीतल्या भटकंतीवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक गडांबद्दल आहे. गो. नी. दांडेकरांनी तर पिढ्यांना किल्ल्यांचं वेड लावलं. माझ्या आठवणीतला सह्याद्री मात्र घाटवाटांचा आहे. या डोंगराचा कातळ त्या वाटांइतका जवळून कुठेच भेटत नाही, असं मला वाटतं.

कोकणातून वर पाहिलं की डोंगर टप्प्याटप्प्यांनी चढलेला दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातला मऊ थर आधी झिजला, तिथे पदर झाला. कठीण थर कडा होऊन उभा राहिला. म्हणून घाटवाट पदरातल्या रानातून आडवी जाते आणि कड्यात नाळ, म्हणजे उभी घळ, सापडली की तिच्यात शिरते. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते पायांना.

सगळ्यात रांगडी अर्थातच हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. बेलपाड्यातून निघालं की कोकणकड्याचं अंतर्वक्र पोट डोक्यावर येतं. नाळेत घरांएवढे धोंडे, वर घसारा, मधले कातळटप्पे दोराशिवाय करू नयेत असे. हाताखालचा दगड आधी ठोकून पाहायचा, मगच भार टाकायचा. मागचा माणूस दगडाच्या रेषेत उभा नाही ना, हेही पाहायचं. त्याच गावातून साधले घाटही चढतो. नवख्यांनी आधी तो करावा.

नाणेघाटाचं जग वेगळं. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख, दगडी रांजण आणि जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे गेलेला व्यापार. बोरघाटातून 1863 मध्ये आणि थळघाटातून 1865 मध्ये रेल्वे धावू लागली, पुढे मोटाररस्ते झाले, आणि बैलांचे तांडे घाटांतून उठले. मग या वाटा गावकऱ्यांपुरत्या उरल्या: बाजार, सोयरीक, गुरं. महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना वाटेतला प्रत्येक धोंडा, प्रत्येक पाणवठा नावानिशी ठाऊक असतो. आता कुठे विचारलं तर ‘वाट मोडली’ असं उत्तर येतं. पाऊलच पडेनासं झालं की दोन-चार पावसाळ्यांत कारवी वाट गिळते.

शनिवार-रविवारी कळसूबाई नि हरिहरला रांगा लागतात, आणि या घाटवाटांवर शुकशुकाट. मोबाइलवरच्या नकाशाची रेघ घेऊन थेट नाळेत घुसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पायथ्याच्या वाडीतून वाटाड्या घ्या, त्याचे पैसे नीट द्या आणि तो सांगेल ती नावं लिहून ठेवा. नकाशात ती सापडणार नाहीत.

आहुपे घाट उतरताना खोपिवलीकडून बाजार करून वर येणाऱ्या बायका भेटल्या होत्या. आम्हाला पाहून त्या थांबल्या. पावसाने खालचं वळण ढासळलंय, ओढ्याच्या डाव्या अंगानं जा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तसेच गेलो.