ऑपेरा हाऊस: बंद पडलेलं नाट्यगृह परत कसं येतं?

आजची गोष्ट मुंबईची आहे, पण सुरुवात माझ्या नोएडातून करतो. इथे सेक्टर अठराच्या मोठ्या मॉलमध्ये मादाम तुसाँचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यावंच लागतं! 2022 साली ते इथे आलं. त्याआधी ते दिल्लीत, कॅनॉट प्लेसच्या रीगल इमारतीत होतं.

रीगल 1932 सालचं. वास्तुकार वॉल्टर जॉर्ज, बांधणारे सरदार सोभा सिंग. तिथे नाटकं, नृत्याचे कार्यक्रम व्हायचे, सिनेमाही दाखवला जायचा. पुढे नुसता सिनेमाच उरला. 30 मार्च 2017 ला शेवटचे खेळ झाले. राज कपूरचे ‘मेरा नाम जोकर’ आणि ‘संगम’. त्यानंतर तिथे पुतळे आले आणि टाळेबंदीनंतर तेही गेले. रीगलची इमारत आजही उभी आहे. पांढरे खांब, कमानी, सगळं जागच्या जागी. नाही ते फक्त थिएटर.

आता मुंबईला चला. गिरगावात चर्नी रोड स्टेशनजवळ रॉयल ऑपेरा हाऊस आहे. या दोन वास्तूंचं नातं गमतीचं आहे. 1911 च्या डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज भारतात आला. त्या दौऱ्यात मुंबईच्या ऑपेरा हाऊसचं उद्घाटन त्याच्या हातून झालं. बांधकाम तेव्हा पुरं व्हायचं होतं, पण राजा काही पुन्हा पुन्हा येणार नव्हता! तिथून तो दिल्ली दरबाराला गेला आणि राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. त्या घोषणेतून नवी दिल्ली झाली, नवी दिल्लीत कॅनॉट प्लेस आणि कॅनॉट प्लेसमध्ये रीगल.

ऑपेरा हाऊस उभारणारे दोघे. मॉरिस बॅंडमन हा फिरत्या इंग्रजी नाटक मंडळ्यांचा व्यवस्थापक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाचे दलाल. आत युरोपी बरोक थाट. सोनेरी वर्ख, बॉक्स, ससून कुटुंबाच्या घरची झुंबरं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते छत. अगदी वरच्या गॅलरीत बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा, असं ते बांधलं होतं. तेव्हा माइक नव्हते. गायकाचा गळा आणि छताचा आकार, एवढ्यावर प्रयोग चालायचा. नाव ऑपेराचं असलं, तरी ही जागा लवकरच आपली झाली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. चाळीसच्या दशकात पृथ्वीराज कपूरांच्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं इथे व्हायची. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहायचे. ज्याला जे द्यायचं ते त्यानं झोळीत टाकायचं. मघाशी रीगलच्या शेवटच्या खेळांत ज्याचं नाव आलं, त्या राज कपूरचे हे वडील.

दरम्यान बोलपट आले. तीसच्या दशकातच पडदा लागला, त्याच्या सोयीनं आत बदल झाले. 1952 साली गोंडल या सौराष्ट्रातल्या संस्थानाच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. पुढे घरोघरी टीव्ही आणि व्हिडिओ आले, खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या आणि 1993 मध्ये दारं बंद झाली.

त्यानंतर तेवीस वर्षं कुलूप! माणसं रोज ‘ऑपेरा हाऊस’ला उतरत होती, हिरेबाजारात जात होती, टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगत होती. परिसराला ज्या वास्तूचं नाव होतं, तिच्या आत मात्र पावसाचं पाणी झिरपत होतं.

मग ती वाचली कशी? माझ्या मते पहिलं कारण मालक. गिरगावातल्या अशा जागेची किंमत काय असेल, ते तुम्हीच ताडा. तरी गोंडलच्या घराण्यानं ती विकून टाकली नाही, दुकानांसाठी तिचे तुकडेही केले नाहीत. 2012 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत तिचं नाव घातलं, तेव्हा जगाचंही लक्ष गेलं. दुरुस्तीचं काम वास्तुकार आभा नारायण लांबा यांनी केलं. त्याला बरीच वर्षं लागली. जुन्या छायाचित्रांवरून मूळ रूप शोधायचं, सिनेमाच्या सोयीसाठी झालेले बदल काढायचे, वरवर दिलेल्या रंगांखालचा मूळ रंग पाहायचा, आणि हे करताना आजचे दिवे, वातानुकूलन, आग विझवण्याची सोय अशी बसवायची की ती डोळ्यांत खुपू नये.

20 ऑक्टोबर 2016 ला मामि चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनानं दारं उघडली. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याचं मूळ असलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. आज तिथे साधारण पावणेसहाशे प्रेक्षक बसतात.

पावणेसहाशे हा आकडा नीट बघा. एवढ्या खुर्च्या रोज भरल्या, तरी अशा वास्तूचा खर्च तिकिटांतून निघणं कठीण. तिकीट महाग ठेवलं तर गिरगावचा जुना प्रेक्षक बाहेर राहतो. स्वस्त ठेवलं तर छताची पुढची डागडुजी कशी करायची? पृथ्वीराज झोळी पसरायचे ती हौस म्हणून नव्हे.

माझ्या घरून रीगल मेट्रोच्या निळ्या मार्गावर, गाडी न बदलता येतं. मागच्या आठवड्यात गेलो होतो. खांबांना टेकून थोडा वेळ थांबलो आणि परत आलो. तुमच्या गावात असं कुलूप लागलेलं नाट्यगृह असेल, तर मला जरूर कळवा. मालक कोण आणि आत रंगमंच अजून शाबूत आहे का, एवढं आधी पाहून घ्या.