गर्भाची पोषणकर्ती : वार

म्हैस व्याली की सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याचे सारे घर जार पडण्याची वाट पाहते. वेळ उलटून गेल्यास पशुवैद्यकाकडे माणूस धावतो. स्त्रीच्या बाळंतपणात याच अवयवाला वार म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत अपरा. बाळ जन्मल्यावर ती टाकूनच द्यावयाची असते, म्हणून असेल कदाचित, पण तिचा विचार होतो तो बहुधा ती अडली तरच. वास्तविक तिचे कार्य तोवर संपलेले असते. ते सुरू होते गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत. आणि माता व गर्भ या दोघांचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच काळात ठरते, असे गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे.

दोन रक्तप्रवाहांमधील दुवा

पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात वारेचे वजन सुमारे ५०० ग्रॅम व व्यास १५ ते २० सेंटिमीटर असतो. आईचे रक्त थेट बाळाच्या अंगात जाते असा समज सर्वत्र आहे; तो बरोबर नाही. वारेत झाडाच्या तंतुमुळांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्या आतून गर्भाचे रक्त वाहते आणि बाहेरून आईचे. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू व अन्नद्रव्ये आत जातात, टाकाऊ द्रव्ये बाहेर येतात. हे अंकुर उलगडून पसरले तर १० चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील, म्हणजे घरातील एका लहानशा खोलीइतकी. अखेरच्या महिन्यांत आईचे सुमारे अर्धा लिटर रक्त दर मिनिटाला येथे येते. फुप्फुस, मूत्रपिंड व आतडे या तिन्हींचे काम गर्भासाठी वार करते आणि शिवाय गर्भ टिकविणारी संप्रेरकेही निर्माण करते.

ही गाळणी सर्व विषे मात्र अडवीत नाही. तंबाखूतील निकोटीन तिच्यातून गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली. मिश्री हा त्याच तंबाखूचा प्रकार होय. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या घरात वावरत आल्याने तिला कोणी व्यसन म्हणत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी गर्भवती प्रामाणिकपणे नकार देते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारला पाहिजे.

पाटाचे तोंड

वार रुजताना तिच्यातील पेशी आईच्या गर्भाशयातील रक्तवाहिन्यांत शिरून त्यांची तोंडे रुंद करतात. साधारणतः पहिल्या २० आठवड्यांत हे काम पुरे होते. पाटाचे तोंडच अरुंद राहिले तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसेच येथे घडते. गर्भाची वाढ खुंटते. अपुरा रक्तपुरवठा झालेल्या वारेतून काही घटक आईच्या रक्तात मिसळतात, तिचा रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर जातो आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागते. या घटकांपैकी एक प्रथिन मूळचे भारतीय असलेले डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी बोस्टन येथे २००३ मध्ये दाखवून दिले. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही धोक्याची लक्षणे होत. त्यापुढची पायरी झटक्यांची. मॅग्नेशियम सल्फेट या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो, हे ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत २००२ मध्ये सिद्ध झाले. तथापि, मूळ विकार शमू लागतो तो वार बाहेर पडल्यानंतरच.

पूर्वी असा त्रास झालेल्या, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार वा आधीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रियांना डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. ते १२ व्या आठवड्यापासून, शक्यतो १६ व्या आठवड्याच्या आत सुरू व्हावे लागते. पाचव्या महिन्यात नाव नोंदविणाऱ्या गर्भवतीच्या बाबतीत ही संधी निघून गेलेली असते.

पुण्याजवळचा अनुभव

या विषयावरील महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. सांगली जिल्ह्यातील पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या विकाराने पीडित मातांच्या वारेतील मेदाम्लांचा अभ्यास केला. पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये सहा खेड्यांतील मातांची पाहणी सुरू केली. त्या शेतकरी स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. गरोदरपणाच्या मध्यास सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले असता, ते गर्भधारणेपूर्वीच्या वजनाशी निगडित असल्याचे आढळले. त्यानंतर वाढलेल्या वजनाशी नव्हे. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे मोठी होती, तर जड श्रम करणाऱ्यांची लहान.

माण, खटाव, जत वा आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत काम करणाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तेथे वारेचा प्रश्न शाळेतील आठवीच्या मुलीच्या जेवणापासून आणि तिच्या लग्नाच्या वयापासून सुरू होतो. गरोदर स्त्रीच्या डोक्यावरील पाण्याचा हंडा हाही मग ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीतील विषय ठरतो.

आणखी एक अडचण नोंदींची आहे. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते; ऊसतोडणीच्या हंगामात जोडपी कारखान्यांच्या परिसरात येऊन राहतात. सुरुवातीचा रक्तदाब एका गावी मोजलेला असतो आणि वाढलेला दुसऱ्या गावी. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नसेल तर तो वाढला आहे हेच कळत नाही. दरमहा ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. तळावरील स्त्रियांना त्या दिवशी तेथे पोहोचविण्याचे काम स्थानिक पंचायत करू शकते.

प्रसूतिगृहात वार अर्ध्या तासात पडली का आणि अखंड आहे का, हे परिचारिका पाहते. तुकडा आत राहिल्यास रक्तस्राव जिवावर बेततो. त्यानंतर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ती पिवळ्या पिशवीत जाते. तत्पूर्वी ती तराजूवर ठेवण्यास दोन मिनिटे पुरतात. इंग्लंडमधील प्रेस्टन येथील एका रुग्णालयात १९३५ ते १९४३ या काळात बाळाबरोबर वारेचेही वजन वहीत लिहिले जात असे. त्या वहीच्या आधारे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९९० मध्ये दाखविले की, वार मोठी पण बाळ लहान अशा स्थितीत जन्मलेल्यांचा रक्तदाब पन्नाशीच्या सुमारास सर्वांत अधिक होता. वजने लिहिणाऱ्या परिचारिकांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.