लक्षात ठेवणे : अवधान, अवकाश आणि कार्यस्मृती
(भेंडवळच्या घटमांडणीच्या निमित्ताने)

१

स्मरणाच्या क्रियेसाठी मराठीत 'लक्षात ठेवणे' हा प्रयोग रूढ आहे. त्याची फोड केली असता तीन गोष्टी हाती लागतात. 'लक्ष' म्हणजे अवधान, '-त' हा स्थानवाचक प्रत्यय, आणि 'ठेवणे' ही एखादी वस्तू जागेवर नेऊन बसविण्याची क्रिया. 'ध्यानात राहणे', 'डोक्यातून जाणे', 'ओठावर येणे' या प्रयोगांतही आठवणीला जागा आहे. ती तेथे राहते, तेथून निघून जाते किंवा उंबरठ्यापर्यंत येऊन अडते. 'अवधान' या शब्दातील मूळ धातू 'धा' असून त्याचाही अर्थ 'ठेवणे' असाच आहे. 'ज्ञानेश्वरी'चा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधानाची मागणी करूनच सुरू होतो, ही गोष्ट अभ्यासकांच्या परिचयाची आहे.

भाषेने अवधान, जागा आणि स्मृती यांची अशी एकत्र बांधणी केली म्हणून मेंदूतही ती तशीच असली पाहिजे, असे अर्थातच सिद्ध होत नाही. वाक्प्रचार हा पुरावा नव्हे. तथापि गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील स्मृतिविषयक संशोधन स्वतंत्र वाटेने जवळजवळ याच मुक्कामावर येऊन पोहोचले आहे. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा थोडक्यात परिचय करून द्यावा, त्याच्या प्रकाशात बुलढाणा जिल्ह्यातील एक लोकपरंपरा तपासून पाहावी आणि मौखिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल याचा विचार करावा, असा हेतू आहे.

२

एखादी गोष्ट काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याची जी शक्ती, तिला 'कार्यस्मृती' म्हणतात. सांगितलेली रक्कम मनात धरून उरलेले पैसे मोजणे किंवा वाक्याचा कर्ता क्रियापद येईपर्यंत धरून ठेवणे ही तिची नित्याची उदाहरणे होत. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी या धारणेची मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे प्रतिपादन केले. घोकंपट्टीला आणि घटकांचे गट पाडण्याला वाव दिला नाही तर ती चारच्या आसपास उतरते, असे पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखविले.

१९७४ मध्ये ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी या स्मृतीचे अंतर्गत विभाग कल्पिले. उच्चारित शब्द फिरवत ठेवणारा एक ध्वनिमार्ग, आकार व स्थाने धरून ठेवणारी एक पाटी, आणि या दोहोंवर देखरेख करणारे एक मध्यवर्ती नियंत्रण, अशी ती रचना होती. असे विभाग मानण्यास आधार होता. ली ब्रुक्स यांनी १९६८ मध्ये केलेल्या प्रयोगात माणसांना एक जाड अक्षर डोळ्यांपुढे आणून त्याचे कोपरे क्रमाने मनात फिरण्यास सांगितले होते. प्रत्येक कोपऱ्याविषयीचे उत्तर तोंडाने देणे त्यांना सोपे गेले, तर कागदावरील खुणांवर बोट ठेवून देणे जड गेले. अक्षराऐवजी वाक्य मनात धरावयास सांगताच उलट घडले. तेथे बोट दाखविणे सोपे आणि बोलणे जड झाले. याचा अर्थ असा की, मनातल्या जागेवर चालणे आणि बाहेरच्या जागेवर बोट ठेवणे ही दोन्ही कामे एकाच साधनाची मागणी करतात.

३

हे साधन कोणते, याचे उत्तर हळूहळू 'अवधान' असे मिळत गेले. १९८९ मध्ये फुनाहाशी, ब्रूस व गोल्डमन-राकिच यांनी माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माकडाची नजर मध्यबिंदूवर स्थिर असे. सभोवारच्या आठ स्थानांपैकी एका ठिकाणी प्रकाश क्षणभर चमके. नंतर काही सेकंद पडदा रिकामा राही. आणि मग त्या स्मरणातल्या स्थानाकडे त्याने नजर न्यावयाची असे. रिकाम्या काळातही मेंदूच्या पुढील भागातील काही पेशी कार्यरत राहत, आणि प्रत्येक पेशीची पसंती ठरावीक दिशेला असे. ज्या खेपेला माकड चुके त्या खेपेला हे कार्य बहुधा मध्येच ओसरलेले आढळे. दिसेनाशा झालेल्या वस्तूची जागा मेंदू सांभाळत होता. आज या सांभाळण्याचे स्वरूप केवळ अखंड पेशीकार्य असे मानले जात नाही. पेशींमधील जोडण्यांत तात्पुरते बदल होऊन त्यांतही काही स्मृती मूकपणे टिकत असावी, असे मत पुढे आले आहे.

एडवर्ड ऑ, जॉन जोनाइडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. लक्षात ठेवलेल्या स्थानावर नव्याने काही दाखविले तर माणसाला ते लवकर टिपता येते. म्हणजे नजर दुसरीकडे असली तरी अवधान त्या स्थानी पहाऱ्यावर असते. अवधान तेथून बळाने हलविले की त्या स्थानाची आठवण ढासळते. शब्द टिकविण्यासाठी आपण ते पुटपुटतो. जागा टिकविण्यासाठी अवधान तेथे पुनःपुन्हा नेऊन ठेवतो. २००३ मध्ये ग्रिफिन व नोब्रे यांनी हेही दाखविले की, चित्र नाहीसे झाल्यावर त्यातील एखाद्या स्थानाकडे निर्देश केला तरी तेथील वस्तूची आठवण सुधारते. अवधान बाह्य जगाप्रमाणेच स्मरणातल्या अवकाशातही फिरू शकते.

अवकाशाचा हा आधार केवळ दृश्य गोष्टींपुरता नाही. आकड्यांची वा शब्दांची यादी मनात धरली असता तिचा आरंभ डावीकडे व शेवट उजवीकडे असल्याप्रमाणे माणसे वागतात, असे व्हान डाइक व फियास यांनी २०११ मध्ये दाखविले. ही दिशा कोठून येते? अलेसांद्रो गिदा व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांची यादी त्या दिशेने मांडलेली आढळली आणि अरबी वाचकांची उलट दिशेने. निरक्षर व्यक्तींत मात्र अशी निश्चित दिशा आढळली नाही. मनातली ओळ ही बऱ्याच अंशी लिपीने घालून दिलेली ओळ आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

४

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडला जातो. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केल्याचे परंपरा सांगते व त्यांचे वंशज ती चालवितात. मातीत वर्तुळ आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, मसूर, भादली अशी अठरा धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात. त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, कुरडई आदी खाद्यवस्तू असतात. पानसुपारी राजाचे प्रतीक मानली जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे या मांडणीत काय बदल झाले ते पाहून पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयीचे भाकीत जाहीर होते. ते ऐकण्यासाठी विदर्भाबरोबरच खानदेश-मराठवाड्यातूनही शेतकरी येतात.

स्मृतीच्या दृष्टीने पाहिल्यास ही मांडणी विलक्षण आहे. पर्जन्य, पिके, रोगराई, राजसत्ता या अमूर्त व परस्परांत मिसळणाऱ्या चिंतांना येथे एकेक जागा दिलेली आहे. चार घटकांच्या पलीकडे थकणाऱ्या कार्यस्मृतीला अठरा धान्ये आणि चार महिने एका वेळी पेलणार नाहीत. मातीतले वर्तुळ तो भार उचलते. वाचणारा एका वेळी एकाच धान्यावर अवधान ठेवतो, तेथील निर्णय उच्चारतो आणि पुढच्या जागेकडे सरकतो. रात्रीतून टिकणारी मूळ मांडणीची आठवण ही अर्थातच दीर्घकालिक स्मृतीची बाब आहे. परंतु पहाटे ती आठवण व समोरचे दृश्य यांची जी तुलना होते ती कार्यस्मृतीतच होते.

या तुलनेची मर्यादाही येथेच आहे. स्टीव्हन लक व एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ मध्ये वापरलेली कसोटी नेमकी अशीच होती. रंगीत चौकोनांची एक मांडणी क्षणभर दाखवावयाची, ती काढून घ्यावयाची आणि नंतरच्या मांडणीत काही बदलले आहे काय, असे विचारावयाचे. चौकोन तीन-चारांपेक्षा अधिक झाले की चुका वाढत. त्याच वर्षी रेन्सिंक, ओरिगन व क्लार्क यांनी दाखविले की, दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरा पडदा आणला तर ठळक बदलही माणसांना दीर्घकाळ दिसत नाहीत. अवधान ज्या जागी असेल तेथलाच बदल जाणवतो. आणि अवधान अपेक्षेच्या मागे जाते. वारा, दव, मुंग्या, पाखरे यांनी अठरा ठिकाणी काही ना काही हलणे स्वाभाविक आहे. त्यांतले कोणते हलणे 'बदल' म्हणून डोळ्यांत भरावे हे पाहणाऱ्याच्या मनातील प्रश्नावर अवलंबून राहू शकते. ऐकणाऱ्याबाबतही तेच. कपाशीवाला सरकीचे भाकीत घेऊन घरी जातो. उरलेले त्याच्या लक्षात ठेवलेच जात नाही. वर्षअखेरीस जे जुळले ते आठवते, जे जुळले नाही त्याला आठवणीत जागाच मिळालेली नसते.

घटाच्या भाकिताला वैज्ञानिक आधार नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला पेरणीचा निर्णय चुकल्याची किंमत बियाण्याच्या आणि कर्जाच्या रूपाने मोजावी लागते, म्हणून हे म्हणणे आवश्यक आहे. परंतु एवढे म्हणून अभ्यासकाचे काम संपत नाही. भाकीत म्हणून निराधार असलेली ही रचना, अनेक पिढ्यांच्या चिंता एका जागी धरून त्यांवर सामुदायिक अवधान आणण्याचे साधन म्हणून मात्र सुविहित आहे. विश्वास आणि रचना या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा केला तरच दोन्हींना न्याय मिळेल.

५

वाङ्मयाच्या अभ्यासासाठी यातून दोन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली रचनेविषयी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि 'जो... तो', 'जेव्हा... तेव्हा' या जोड्यांत पहिला पक्ष दुसरा येईपर्यंत श्रोत्याला धरून ठेवावा लागतो. मौखिक रचनेत ओवीचे चरण आखूड का, अभंगात ध्रुपद पुनःपुन्हा का येते, या प्रश्नांची उत्तरे आपण आजवर छंद आणि गेयता यांत शोधली. ती योग्यच आहेत. त्यांना एक अनुमान जोडता येईल. कीर्तनात विवेचन दूर जाऊ लागले की ध्रुपद श्रोत्याचे अवधान मूळ विधानाच्या जागी परत आणून ठेवते. नाहीशा झालेल्या चित्रातील स्थानाकडे केलेल्या निर्देशासारखे त्याचे कार्य असावे. हे अनुमान तपासता येण्याजोगे आहे.

दुसरी सूचना संकलनाविषयी. लोकगीताचे वा विधीचे संकलन करताना आपण शब्द उतरवून घेतो आणि ते कागदावर वरून खाली, डावीकडून उजवीकडे मांडतो. गाणारी स्त्री निरक्षर असेल तर तिच्या मनात त्या रचनेचा क्रम अशा ओळीत असेलच, असे गृहीत धरण्यास आधार नाही. तो कदाचित जात्याच्या फेऱ्यात, घराच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंतच्या वाटेत किंवा शेताच्या बांधांत असेल. भेंडवळचा घट तर उघडच वर्तुळ आहे. आपल्या वहीत मात्र त्याची यादी होते. म्हणून शब्दांबरोबर हात कोठे जातो, नजर कोठे थांबते, विसर पडल्यावर गाणारी कोणत्या जागेकडे पाहून पुन्हा धागा पकडते, याचीही नोंद झाली पाहिजे. तेवढी नोंद नसेल तर आपल्या हाती शब्द राहतील आणि ते ज्या जागांवर ठेवलेले होते त्या जागा हरवतील. जात्यांची घरघर बहुतेक घरांतून थांबलेली आहे. ती ऐकत वाढलेल्या स्त्रिया वृद्ध झाल्या असून, ही नोंद त्यांच्या हयातीतच होऊ शकते.